आठवा फोटो

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी हसायला नको. मी एक जुना कॅमेरा आहे आणि अतिशय भित्रा आहे. वाघाला मी भीत नाही. आमच्या बालाघाटकडे जंगल दाराशीच असतं. बैहरच्या घाटात वाघाला रस्ता ओलांडताना मी स्वतः पाहिलं आहे, आणि तेव्हा थरथरत होता तो माझा मालक, मी नव्हे. मला भीती वाटते ती पाण्याची. आभाळ भरून आलं, हवा जड झाली की माझ्या अंगातला एकूण एक स्क्रू आखडतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं माझं असेलही. पण माझी गोष्ट ऐका आणि मग ठरवा, मी उगाच भितो का.

मी घडीचा कॅमेरा आहे. मिटलो की एखाद्या जाड वहीएवढा दिसतो. बटण दाबलं की पुढचं झाकण खाली पडतं आणि बाजाच्या पेटीला असतो तसा काळा कातडी भाता बाहेर येतो. भात्याच्या टोकाला माझं भिंग. पाठीवर लाल काचेची एक चिमुकली खिडकी आहे. आतला रोल किल्लीने पुढे सरकवला की या खिडकीत एक, दोन, तीन असे आकडे दिसतात. माझ्या पोटात मावणाऱ्या एका रोलवर फक्त आठ फोटो निघतात. हा आठाचा आकडा तेवढा लक्षात ठेवा.

माझा जन्म कुठल्याशा थंड मुलखात झाला, एवढंच मला ठाऊक. मला कळू लागलं ते नागपूरच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटात. तिथून मला मधुकरराव ओव्हरसियरांनी घेतलं आणि छप्पन साली त्यांच्याबरोबर मी बालाघाटला आलो. त्याच वर्षी राज्यांच्या सीमा बदलल्या. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, बालाघाट इकडे मध्य प्रदेशातच राहिलं, आणि मधुकररावांचे अर्धे नातलग एका रात्रीत परराज्यातले झाले. मी मात्र पूल आणि मोऱ्यांचे फोटो काढत हिंडत राहिलो. सरकारी कामाचे फोटो म्हणजे कंटाळवाणे. मोरी कधी हसत नाही आणि पुलाला कितीही सांगितलं तरी तो मान वळवत नाही.

मधुकररावांच्या हाताखाली जमीन मोजायची साखळी धरणारा एक माणूस होता, चैतराम. उंच, काळासावळा, हाताचा फार हलका. दुपारी साहेब जेवायला बसले की तो मला मांडीवर घेई आणि माझ्याकडे नुसता बघत राही. साहेबांनी ते ओळखलं. एक दिवस त्यांनी त्याला माझं बटण दाबू दिलं, मग रोल भरायला शिकवलं, मग अंधाऱ्या खोलीत परातीत औषध कालवून रोल कसा धुवायचा तेही शिकवलं.

पाण्याशी माझी पहिली गाठ पडली ती वैनगंगेच्या एका नाल्यावर. पुलाचं काम चाललं होतं. कुणाच्या ध्यानीमनी नसताना सर आली आणि मी उघडाच होतो. थेंब भात्याच्या घड्यांत शिरले. तुम्हांला कानात पाणी गेल्यावर कसं होतं? तसं मला सगळ्या अंगात झालं. श्वास आत अडकला. मला वाटलं, आता संपलो.

साहेबांनी धावत मला तंबूत नेलं. चैतराम मला मिटून पिशवीत घालू लागला, तसे ते ओरडलेच.

"मिटू नकोस! चैतराम, एक गोष्ट जन्मभर लक्षात ठेव. कॅमेरा कोरडा असला तर मिटून ठेवायचा. ओला झाला तर उघडून ठेवायचा. बाहेरचं पाणी पुसता येतं, आतलं पाणी कोंडलं की ते खातं."

त्यांनी रोल काढून घेतला, माझं पुढचं झाकण उघडलं, मागचं दार उघडलं आणि मला तीन दिवस सावलीत, वाऱ्याला ठेवलं. चुलीजवळ नाही, उन्हातही नाही, कारण त्याने भात्याचं कातडं तडकतं. मी वाचलो. पण भीती तेव्हापासून जी मुक्कामाला आली, ती आजवर गेलेली नाही.

एकसष्ट साली साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी मला चैतरामच्या हातात ठेवलं. "तूच सांभाळ याला," एवढंच म्हणाले. चैतराम साहेबांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला वर उचललं. मग चैतरामने साखळी सोडली आणि बसस्टँडच्या रस्त्यावर, आपल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत फोटोचं दुकान काढलं.

ते माझे वैभवाचे दिवस होते. भरवेलीच्या मँगनीज खाणीतले कामगार सुटीच्या दिवशी सायकलींवरून यायचे, अंगावरची काळी धूळ खरवडून, केसांना तेल चोपडून, आणि माझ्यापुढे असे ताठ उभे राहायचे, जणू मी कुणी मोठा साहेब आहे. खेड्यांतून लग्नांची बोलावणी यायची. "चैतरामचा कॅमेरा हाय तं बोलणं नोको," असं लोक म्हणत आणि मी मिटल्या मिटल्या फुगून जाई.

पावसाळ्यात मला जपायचं काम चैतरामची बायको चंपाबाई करी. आमच्याकडे पाऊस कोसळू लागला की भिंतींना घाम फुटतो आणि पायतणावर हिरवी बुरशी चढते. चंपाबाईने माझ्यासाठी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा केला होता. दर आठ दिवसांनी ती मूठ-दोन मूठ तांदूळ तव्यावर लालसर होईपर्यंत भाजून घेई, निवू देई, त्याची फडक्यात पुरचुंडी बांधी आणि डब्यात माझ्याशेजारी ठेवी. भाजलेला तांदूळ हवेतली ओल पिऊन घेतो. आठ दिवसांनी तो मऊ पडला की कोंबड्यांना आणि नवा तांदूळ मला. शेजारणी हसायच्या. "चंपाबाई कॅमेऱ्याले भात खाऊ घालून राह्यली!" चंपाबाई म्हणे, "हौ, खाऊ घालतो. तो आमाले खाऊ घालते न."

आता सदुसष्ट सालाकडे येतो. सांगायला नको वाटतं, पण सांगितलंच पाहिजे.

चैतरामची थोरली बहीण रुख्माबाई लामत्याला राहत असे. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, तेजराम. धानाच्या रोवण्याची, म्हणजे लावणीची, मजुरी करून तिने त्याला वाढवलं होतं. त्या आषाढात तेजरामला उकव्याच्या खाणीत नोकरी लागली. पोर पहिल्यांदाच घर सोडून निघालं होतं. रुख्माबाईने भावाला निरोप धाडला, येऊन त्याचा फोटो काढ, म्हणजे तो तिकडे असला तरी मी त्याला पाहत जाईन.

अरुंद रुळांच्या छोट्या लाईनीच्या गाडीने आम्ही लामत्याला गेलो. माझ्या पोटात रोल होता. त्यावर एका लग्नाचे सहा फोटो आधीच निघालेले होते. दोन शिल्लक होते.

तेजराम नवा सदरा घालून दारापुढे उभा राहिला. शेजारी त्याची सायकल. डावा हात त्याने सायकलीच्या हँडलवर ठेवला. त्या हाताची करंगळी अर्धीच होती. लहानपणी धान कापताना विळा लागून गेली होती.

"बाई, तू बी ये न," चैतराम बहिणीला म्हणाला. "मायलेकाचा संगं काढतो."

"नोको रे बावा!" रुख्माबाई चटकन मागे सरली. "मायलेक एका काचंत आले का नजर लागते."

तेजराम हसला. "अवो माय, आपण आता बुद्ध झालो न? नजर-बिजर काही नसते."

"बुद्ध झालो म्हनून मायचं काळीज थोडीच बदलते! तू उभा राह्य गुमान."

तो पुन्हा हसला आणि नेमकं त्याच वेळी चैतरामने माझं बटण दाबलं. ते हसू भिंगातून आत आलं आणि रोलवर टेकलं. मित्रांनो, मी कितीतरी माणसं पाहिली. पण फोटो काढताना माझ्याकडे न बघता आईकडे बघून हसणारा तो एकटाच.

"फोटो कवा देशीन?" रुख्माबाईने विचारलं.

"एक शिल्लक हाय बाई. आठवा. तो निघाला का रोल भरला. मंग धुतो आन घेऊनच येतो."

"मंग मायचा काढून टाक न मामा, आठवा," तेजराम म्हणाला. "म्हंजे जल्दी भेटन."

चैतरामने मला तिच्याकडे वळवलं. तिने दोन्ही हातांनी पदर तोंडावर ओढला. "नोको म्हनलं न! मले नाही काढा लागत. मले भेव लागते त्याचं." चैतराम हसला, माझी किल्ली फिरवली, लाल खिडकीत आठाचा आकडा आला आणि तिथेच थांबला.

परतताना बालाघाटच्या स्टेशनापासून घर गाठेपर्यंत आभाळ फाटलं. चैतरामने मला सदऱ्याच्या आत, छातीशी धरलं. पण सदराच भिजून चिंब झाला, तर त्याच्या आतला मी कसा कोरडा राहणार? पाणी झाकणाच्या फटीतून शिरलं, भात्याच्या घडीघडीत उतरलं.

घरात येताच चंपाबाईने त्याला टॉवेल दिला आणि मला दुसरा.

"आधी त्याले उघडा," ती म्हणाली. "साहेबानं काय सांगतलं होतं?"

"कसा उघडू? आत रोल हाय. उजेड लागला तं सातही फोटो जातीन."

"मंग किल्ली फिरवा, रोल गुंडाळून बाहेर काढा."

"आन आठवा? त्याच्यावर काहीच नाही काढलं अजून. वाया काहून घालवू? उद्या सकाळी कोणी ना कोणी येतेच. काढतो आन मंग उघडतो."

"उरला तं उरला हो!"

चैतराम कंजूष नव्हता, मित्रांनो. पण फोटो काढणाऱ्या गरीब माणसाची एक सवय असते. रोलचा एकही घास तो टाकून देत नाही. ताटात अन्न टाकू नये, तसाच रोलमध्ये फोटो टाकू नये, हा त्याचा धर्म होता. त्याने मला वरवर पुसलं. मग भरवेलीच्या एका कामगाराने दिलेलं बरसातीचं रबरी कापड होतं, त्यात मला दोन वेढे घट्ट गुंडाळलं, वर सुतळी बांधली. त्याला वाटलं, आता पाण्याचा बाप आला तरी आत जाणार नाही. चंपाबाईने डब्यात भाजलेला तांदूळ ठेवला. पण तांदूळ होता रबराच्या बाहेर आणि ओल होती रबराच्या आत, माझ्याजवळ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या रबराच्या मुठीत झाकलेलं पाणी किती लाखाचं पडणार आहे, ते त्या दिवशी आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रोवण्यांचे दिवस, त्यात झड लागलेली, फोटो काढायला कोण येतं? चैतराम डब्यावर हात ठेवून जाई. "उद्या," म्हणे.

मी अंधारात होतो. त्या अंधाराची आठवण आली तरी माझा भाता आकसतो. आधी नुसता दमटपणा होता. मग कुबट वास सुटला. मग एके दिवशी भिंगाच्या कोपऱ्याला काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं. केसाहून बारीक, पांढरा धागा. दुसऱ्या दिवशी दोन धागे. ते हलत नव्हते, पण वाढत होते. बुरशी! मी ओरडलो असतो, पण कॅमेऱ्याला तोंड असतं ते फक्त बघायला.

आणि रोल? पहिले सहा फोटो गुंडाळीच्या आतल्या पदरांत होते. आठवा, कोरा, भात्यासमोर ताणलेला होता. तेजरामचा सातवा गुंडाळीच्या सगळ्यांत बाहेरच्या पदरात होता. म्हणजे ओल लागणार ती आधी त्यालाच. मला ते कळत होतं. रोलमागचा कागद फुगून हळूहळू फिल्मला चिकटत होता, तेही कळत होतं. मी त्या हसणाऱ्या पोराला पोटाशी धरून बसलो होतो आणि माझ्याच पोटातलं पाणी त्याला खात होतं. एवढी भीती मला माझ्या जिवाचीही कधी वाटली नव्हती.

असे पाच आठवडे गेले.

एका सकाळी पत्र्याच्या डब्यातून मी धावत आलेल्या पावलांचा आवाज ऐकला. लामत्याचा, रुख्माबाईच्या शेजारचा महागू होता. "चैतरामभाऊ," तो धापा टाकत म्हणाला, "तेजराम गेला. पहिल्या सुटीवर घरी येऊन राह्यला होता, सायकलनं, जंगलच्या वाटेनं. नाल्याले पूर होता. सायकल झाडाले अटकली, पोरगा नाही सापडला अजून."

पुढे बाहेर काय झालं ते मला फक्त ऐकू आलं. चंपाबाईचा हंबरडा. दाराची कडी. मग शुकशुकाट. पाच दिवसांनी घर उघडलं आणि चैतराम, चंपाबाई परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर तिसरी पावलं होती. अगदी सावकाश पडणारी.

"चैत्या," रुख्माबाईचा आवाज आला. तो आवाज मी ओळखलाच नाही. "चौथ्या दिवशी सापडला माहा पोरगा. पन त्याचं तोंड पाहू नाही देलं मले कोनी. म्हनले, बाई, पाहू नोको, तुले पाहवनार नाही. तू काढला होता न त्याचा फोटो? तो दे मले. मले त्याचं तोंड पाह्याचं हाय."

डब्याचं झाकण निघालं. चैतरामला सुतळीची गाठ सुटेना. शेवटी चंपाबाईने ती विळीवर कापली.

रबर निघालं आणि वास खोलीभर पसरला. चैतरामने मला छातीशी धरून अंधाऱ्या खोलीत नेलं. किल्ली फिरेना. त्याने जोर लावला, तेव्हा आत काहीतरी टरकलं. ते मला फार दुखलं, मित्रांनो, पण माझं दुखणं कोण मोजतं! त्याने माझं मागचं दार उघडलं, रोल काढला, कागद सोडवला, परातीत धुतला. किती वेळ गेला कोण जाणे. मी टेबलावर उघडा पडून होतो आणि मनात एकच चाललं होतं. राहू दे, त्याचा चेहरा तेवढा राहू दे.

लग्नाचे सहाही फोटो निघाले. थोडे डाग होते, पण नवरा-नवरी ओळखू येत होते.

सातव्यात सायकल निघाली. नवा सदरा निघाला, त्याच्या गुंड्या मोजता येत होत्या. दार निघालं, हँडलवरचा हात निघाला. आणि चेहरा असायला हवा तिथे एक पांढरट ठिपका होता, कडा पसरलेला. कपाळ नाही, डोळे नाहीत, ते आईकडे बघणारं हसू नाही. पाण्याने नेमकं तेवढंच खाल्लं होतं.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं, तो आठवा कोराच निघाला. कोराच होता, कोराच राहिला.

चैतराम भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. एकदा नव्हे, तीनदा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दुसरा हात तोंडावर दाबून तो रडला.

दुसऱ्या दिवशी कागदावर उतरवलेला फोटो त्याने बहिणीच्या हातात दिला. "बाई, पान्यानं खराब झाला," एवढंच तो बोलू शकला. चंपाबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. आठव्याबद्दल तो काही बोलला नाही.

रुख्माबाई फोटोवरून बोट फिरवत राहिली. पांढऱ्या ठिपक्यावर ते बोट थांबलं, मग सदऱ्यावरून, बाहीवरून उतरत हँडलवरच्या हातापाशी आलं.

"करंगळी पाह्य," ती म्हणाली. "त्याचीच हाय." आणि मग, "पान्यानं त्याले बी नेलं आन त्याचं तोंड बी नेलं."

ती पुन्हा लामत्याला राहायला गेली नाही. भावाकडेच राहिली. घरात बुद्धाच्या तसबिरीखाली तिने तो फोटो ठेवला आणि संध्याकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लावू लागली. आणि माझ्यासाठी तांदूळ भाजायचं काम तिने चंपाबाईच्या हातून स्वतःकडे घेतलं. का घेतलं, ते कोणी विचारलं नाही.

चैतरामने माझं भिंग पुष्कळ पुसलं. बुरशी निघाली, पण एका कोपऱ्यात तिचं जाळं कोरलं गेलं ते गेलं नाही. पुढे मी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या एका कोपऱ्याला धुकं आलं. आणि चैतराम? एक फोटो काढला तरी तो संध्याकाळच्या आत रोल धुऊन टाकी, सात वाया गेले तरी. लोक म्हणाले, चैतराम येडा झाला. त्याने कोणालाही कारण सांगितलं नाही. पोटच्या मुलीला, ललितालाही नाही. ललिता तेव्हा लहान होती. बापाने मला रबरात गुंडाळलेलं तेवढं तिने पाहिलं होतं आणि तेवढंच तिच्या लक्षात राहिलं.

वर्षं गेली. दुकानात नवा, चकचकीत कॅमेरा आला आणि मी डब्यासकट फळीवर गेलो. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. भित्र्याला निवृत्ती गोडच लागते.

मग सत्त्याहत्तर सालचा श्रावण आला. चैतरामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चंपाबाई त्याला घेऊन ऑपरेशनसाठी नागपूरला गेली. घरी ललिता आणि तिची आत्या. ललिता सतरा वर्षांची झाली होती, रोल धुण्यात बापाच्या वरताण. नवा कॅमेरा कपाटात कुलपात, म्हणून तिने मला फळीवरून काढलं आणि माझ्यात नवा रोल भरला.

"आत्या, तुहा एकही फोटो नाही घरात. बस न."

मला वाटलं, आता पदर तोंडावर जाणार. पण रुख्माबाई आत गेली आणि तेजरामचा तो फोटो घेऊन आली. अंगणात पाटावर बसली, फोटो मांडीवर, माझ्याकडे तोंड करून उभा धरला.

"काढ," ती म्हणाली. "आता कोनाची नजर लागन मले?"

ललिताने बटण दाबलं. आणि त्याच क्षणी, जणू कोणी वर टपूनच बसलं होतं, अशी जोरदार सर आली. ललिता मला घेऊन धावली, पण थेंब भात्यात शिरलेच. तिने मला वरवर पुसलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि डब्याच्या तळाशी इतकी वर्षं पडून असलेलं ते रबरी कापड काढलं. बापाने केलं होतं तसंच. दोन वेढे, वर सुतळी, झाकण बंद.

मित्रांनो, तुम्ही कधी तेच वाईट स्वप्न दुसऱ्यांदा पाहिलं आहे का? तोच अंधार. तोच दमट वास. छपराच्या कवेलूंवर तोच पाऊस. माझ्या लाल खिडकीत आकडा होता दोनाचा, सात फोटो शिल्लक, आणि पोटात रुख्माबाईचा चेहरा. तिचा जन्मातला पहिला फोटो. आता उद्या, आणि परवा, आणि मग तो पांढरा धागा. मी मनातल्या मनात हाका मारत होतो. ऐकणार कोण?

थोड्या वेळाने झाकण वाजलं. रुख्माबाईचा हात होता. तांदूळ बदलायचा दिवस होता तिचा. तिने पुरचुंडी ठेवली आणि तिचं बोट रबराला लागलं. ती थबकली. मला बाहेर काढून तिने मांडीवर घेतलं.

"ललिता! हा वला हाय का गं?"

"थोडा भीगला आत्या. पुसला मी."

"ह्याच्यात काही हाय?"

"हौ, तुहाच फोटो हाय न. अभी तो सात बाकी हैं. कल मैत्रिणी येतीन, त्याहिचे काढतो, मंग सगळे संगंच धुतो."

रुख्माबाई सुतळी सोडू लागली. तिच्या म्हाताऱ्या बोटांनी गाठ लगेच सुटली.

"आत्ता धू."

"आत्या, सात वाया जातीन!"

"जाऊ दे सात," रुख्माबाई म्हणाली. "तेजरामच्या वक्ती एकच उरला होता. आठवा. तो माहा काढाचा होता, तं मीच तोंड झाकून घेतलं. तवा भेली नसती, तं त्याच दिवशी रोल भरला असता, आन आज माह्या लेकराले तोंड असतं. तुह्या बापाले वाटते, त्याची चुकी होती. दहा वर्षं झाले, तो माह्याकडं सीधा पाहत नाही. नागपूरहून आला का त्याले सांगन मी."

ललिता मला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली आणि तिने किल्ली फिरवली. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. कोरे आकडे खिडकीतून सरकत गेले आणि प्रत्येक आकड्याबरोबर माझ्या छातीवरचं ओझं उतरत गेलं. रोल निघाला. मग तिने माझं पुढचं झाकण उघडलं, मागचं दार उघडलं आणि मला फळीवर, वाऱ्याला ठेवलं.

मित्रांनो, मी अजूनही भित्राच आहे. आत्ता हे सांगतानाही बाहेर आभाळ दाटलं आहे आणि माझे स्क्रू आखडले आहेत. तुमच्या घरी एखादा कॅमेरा असेल, तर त्याला पावसापासून जपा, पण भिजलाच तर घाबरून मिटू नका, उघडा आणि वाळू द्या. आणि त्याच्या पोटात कोणाचा चेहरा असेल, तर उरलेल्या फोटोंचा लोभ धरू नका. ज्याला भेटायचं आहे त्याला आजच भेटा, ज्याचा फोटो धुवायचा आहे तो आजच धुवा.

रुख्माबाईचा फोटो छान निघाला. कोपऱ्यात माझं धुकं आहे, पण ते तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचलेलं नाही. चैतराम नागपूरहून आला, डोळ्यांवरची पट्टी सुटली, तेव्हा बहिणीने तोच फोटो आधी त्याच्या हातात दिला आणि मग आठव्याबद्दल ललिताला सांगितलं तेच त्यालाही सांगितलं. त्यात ती पाटावर बसली आहे, सरळ समोर बघते आहे, आणि मांडीवर सायकलीला हात टेकून तेजराम उभा आहे. ललिताने त्याला चौकट केली, वर काच बसवली आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगला. मी फळीवरून रोज पाहतो. मायलेक शेवटी एकाच काचेत आले आहेत.